सरपंच ते आमदार : महाराष्ट्रातल्या महिलांच्या राजकीय वाटचालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरक्षणाची सोडत निघते, गावचं सरपंचपद 'सर्वसाधारण महिला' असं जाहीर होतं आणि त्या रात्री गावातल्या चार-पाच घरांत एकच चर्चा चालते: आपल्याकडून कुणाला उभं करायचं? जिला उभं करायचं ठरतं, तिला ते बहुतेक वेळा चहाचे कप उचलताना कळतं. तिथून पुढे तिला पडणारे, आणि तिच्याबद्दल इतरांना पडणारे, हे प्रश्न आहेत. महिला सदस्यांच्या प्रशिक्षणांना जाता-येता ते इतक्यांदा ऐकले की एकदा नीट लिहून ठेवावेसे वाटले.

महिलांसाठी आरक्षण नेमकं किती आहे आणि कधीपासून?

स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्मं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका, सगळीकडे. सदस्यांच्या जागा तर राखीव असतातच. सरपंच, सभापती, अध्यक्ष, महापौर ही पदंही त्यात येतात.

महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के जागा राखून सुरुवात केली. मग ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ मध्ये ती लागू झाली आणि देशभर किमान एक तृतीयांश जागा बंधनकारक ठरल्या. २०११ मध्ये राज्याने हा आकडा ५० टक्क्यांवर नेला. राज्यात ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या आणि जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. निम्म्या गावांचा कारभार कागदावर बाईच्या नावाने चालतो, म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे ते लक्षात येईल. 'कागदावर' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

आरक्षणाआधी बायका राजकारणात नव्हत्याच का?

होत्या. थोड्या होत्या, पण ज्या होत्या त्यांना कुणाची चिठ्ठी लागली नव्हती.

बारामती तालुक्यातल्या निंबुतमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून आली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर काही गावांत सगळ्या जागांवर बायकाच उभ्या करण्याचा प्रयोग झाला. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं सर्वांत जास्त चर्चेत आलेलं गाव.

मोठ्या नावांमध्ये मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती मृणाल गोरे यांची वाटचाल. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेलं, १९५८ मध्ये पती गेले, पदरात लहान मुलगी. १९६१ मध्ये त्या गोरेगावातून मुंबई महापालिकेत निवडून आल्या. हातात घेतलेला प्रश्न एकच, पाणी. नळाला पाणी कधी येतं, किती येतं, कुठल्या वस्तीत येतच नाही. हंडे घेऊन मोर्चे निघाले आणि त्यांचं नाव पडलं 'पाणीवाली बाई'. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांसह महागाईविरोधी आंदोलन उभं राहिलं आणि लाटणं हे घरातलं हत्यार रस्त्यावर आलं. आणीबाणीत तुरुंगवास झाला. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घराघरांत पोचली; दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत. गर्भलिंगनिदानाचा गैरवापर रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता.

या कारकिर्दीत नगरसेविकापद ही पुढच्या तिकिटासाठीची पायरी नव्हती. पाण्याचं काम आधी, पद त्याच्या मागून. आज उलटं चालतं, पद आधी मिळतं आणि काम शोधावं लागतं. त्यात गैर काही नाही, पण शोधावं मात्र लागतं.

प्रतिभाताई पाटलांची वाट वेगळी. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून थेट विधानसभेत गेल्या. पुढे एदलाबादमधून (आजचं मुक्ताईनगर) सलग निवडून येत राहिल्या, मंत्री झाल्या, विरोधी पक्षनेत्या झाल्या, आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. तेवीस वर्षं विधानसभा, तीही एकही निवडणूक न हरता.

ग्रामपंचायतीला उभं राहायला काय काय लागतं?

वय २१ पूर्ण आणि गावच्या मतदारयादीत नाव. लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव पुष्कळदा अजून माहेरच्याच यादीत असतं, ते आधी बघून घ्या. घरात शौचालय असल्याचा आणि ते वापरात असल्याचा दाखला लागतो. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर किमान सातवी उत्तीर्ण. आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र.

या शेवटच्या अटीवर प्रशिक्षणात हमखास शांतता पसरते. तिसऱ्या मुलाचा निर्णय सासूने घेतलेला असतो, 'मुलगा होऊ दे' म्हणून; आणि अपात्र ठरते ती सून. आमदारकीला मात्र ना सातवीची अट आहे, ना दोन मुलांची, ना शौचालयाची. गावच्या बाईला जो नियम, तो मुंबईत कायदे करणाऱ्याला का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला सासरचा चालतो का?

नाही. जात वडिलांकडून धरली जाते, लग्नाने बदलत नाही. म्हणजे कागद शोधायचे ते माहेरी.

हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. सासर लातूरकडे, माहेर चंद्रपूरकडे, वडील वारलेले, भाऊ म्हणतो, 'बघतो.' पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर महसुली कागद, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद. शिवाय माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाहनोंदणी किंवा राजपत्र. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत पडताळणी प्रमाणपत्र दाखल झालं नाही तर निवडच रद्द होते. लढून, जिंकून, गुलाल उधळून झाल्यावर घरी बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सोडतीची वाट न बघता हा कागद आधीच करून ठेवा, उपयोग पोरांच्या प्रवेशालाही होतो.

खर्च किती करता येतो?

राज्य निवडणूक आयोगाची मर्यादा सदस्यसंख्येनुसार आहे. २०२५ मध्ये ती वाढली; त्याआधी ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार आणि थेट जनतेतून निवडल्या जाणाऱ्या सरपंचाला ५० हजार होती. १५ ते १७ सदस्यांच्या गावात सदस्याला ५० हजार, सरपंचाला पावणेदोन लाख होती. प्रत्यक्षात किती होतो हे गावोगावी सगळ्यांना माहीत आहे, मी काय वेगळं सांगू. एवढंच, की निकालानंतर ३० दिवसांत हिशोब सादर करा. हरलात तरी. हरलेल्या उमेदवार हे हमखास विसरतात आणि पुढच्या निवडणुकीत अपात्र ठरल्याचं कळतं.

सरपंच मी, पण कारभार मिस्टर बघतात. यात चुकलं काय?

कायद्याच्या दृष्टीने सगळंच. तुमच्या पतीला मासिक सभेत बोलायचा, मत द्यायचा, कागदावर सही करायचा कोणताही अधिकार नाही. पण 'सरपंच पती' हा शब्द आता पत्रिकेवर, फ्लेक्सवर, कधी कधी गाडीच्या काचेवरही असतो. २०२३ मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला या प्रकारासाठी समिती नेमावी लागली, यावरून त्याचा पसारा समजेल.

सगळे नवरे खलनायक नसतात हेही सांगायला हवं. तालुक्याला गाडीवर नेणारा, पोरांचा डबा करून देणारा नवरा पाठीशी नसेल तर कित्येक जणी सभेलाही पोचणार नाहीत. मदत आणि कब्जा यांतला फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे: डोंगल कुणाच्या खिशात आहे?

डोंगल म्हणजे?

वित्त आयोगाचा निधी आता ऑनलाइन खर्च होतो. त्यासाठी ग्रामसेवकाची (हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि सरपंचाची अशा दोन डिजिटल सह्या लागतात. तुमची सही एका पेनड्राइव्हसारख्या वस्तूत असते. तोच डोंगल, आणि त्याचा पासवर्ड.

एका प्रशिक्षणात मी विचारलं, 'डोंगल कुणाकुणाकडे आहे? हात वर करा.' चाळीसेक सरपंच बसलेल्या. सहा हात वर गेले. बाकीच्यांचे डोंगल नवऱ्याकडे, दिराकडे, ग्रामसेवकाकडे, आणि एकीचा तर तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्याकडे, 'तो सगळ्याच गावांचे ठेवतो' म्हणे. त्यातली एक म्हणाली, 'मॅडम, मला वाटलं ते मोबाइलचं काहीतरी असतं.' तिच्या गावात गटारीचं बिल निघालेलं होतं. गटार नव्हती.

चौकशी लागली की नवऱ्याला कुणी विचारत नाही. वसुली निघते ती जिची सही आहे तिच्या नावावर. म्हणून सह्याजीराव व्हायचं नसेल तर तीन गोष्टी स्वतःच्या कपाटात ठेवा: डोंगल, प्रोसिडिंगची (सभेच्या इतिवृत्ताची) प्रत आणि कॅशबुकची दर महिन्याची नक्कल. कोऱ्या पानावर सही तर कुणी देवाची शपथ घातली तरी करू नका. प्रोसिडिंगमध्ये शेवटच्या ओळीखाली जागा सोडलेली दिसली तर आडवी रेघ मारून मगच सही करा. ती रेघ पाहून ग्रामसेवक नीट वागायला लागतो, हा अनुभव आहे.

मानधन किती मिळतं?

सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झालं. गावची लोकसंख्या दोन हजारांपर्यंत असेल तर सरपंचाला महिना ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्यापुढे १० हजार. वेळेवर मिळेलच असं नाही. ते तुमच्या स्वतःच्या खात्यात येतं का, एवढं मात्र पाहा.

विरोधकांनी अविश्वास ठराव आणला तर?

घाबरून आधीच राजीनामा देऊ नका, पहिली चाल तीच असते. सदस्यांतून निवडलेल्या सरपंचावर ठराव मंजूर व्हायला एरवी दोन तृतीयांश मतं लागतात. पण पद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिला असेल तर तीन चतुर्थांश. नऊ सदस्यांच्या गावात म्हणजे सात. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचासाठी याहून कडक आहे, तिथे सदस्यांच्या ठरावावर ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. (थेट निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदललं की ही पद्धत बदलते, त्यामुळे तुमची निवड कशी झाली ते आधी बघा.)

ठरावाच्या सूचनेनंतर विशेष सभा तहसीलदार बोलावतात. त्या सभेत बोलायची संधी तुम्हाला असते. लिहून न्या. कामांची यादी, तारखा, ठराव क्रमांक. आवाज चढवणाऱ्यांच्या सभेत क्रमांक वाचणारी बाई फार अवघड प्रतिस्पर्धी ठरते.

अविश्वास जमला नाही की अपात्रतेची तक्रार होते. त्याचं काय?

तोच दुसरा रस्ता. अतिक्रमण, शौचालय, तिसरं अपत्य, काहीही शोधलं जातं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण प्रत्येक महिला सदस्याला माहीत असावं. तिथल्या महिला सरपंचाविरुद्ध गावकऱ्यांनी तक्रार केली की ती सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते. ती म्हणत होती, मी नवरा आणि मुलांसह वेगळी, भाड्याच्या घरात राहते. नीट शहानिशा न करता तिला अपात्र ठरवलं गेलं. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, कुठेच दाद लागली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिलं. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, पदावरून काढणं इतक्या सहज घ्यायची गोष्ट नाही, असं न्यायालयाने बजावलं. बाई सरपंच झालीय आणि तिच्या हुकमाखाली राहावं लागणार, हेच काही गावकऱ्यांना पचलं नव्हतं, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही.

भाडेपावती, वीजबिल, घरपट्टीची पावती सांभाळून ठेवायची ती यासाठी.

निवडून आलेल्या बाईला नेहमी महिला व बालकल्याण समितीच का मिळते?

कारण बांधकाम आणि अर्थ यांत पैसा असतो. पण या समितीला दुय्यम समजू नका. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ग्रामपंचायतीनेही. तो पैसा शिलाई मशिन वाटून संपवायचा की अंगणवाडीच्या गळक्या छपरावर लावायचा, हे ठरवणारी तुम्ही आहात. शिलाई मशिनचा फोटो चांगला येतो, हे मान्य.

पाच वर्षांनी आरक्षण बदललं की काय?

माझ्या मते कारकीर्द इथून सुरू होते. आरक्षण फिरतं असतं. पुढच्या सोडतीत जागा खुली झाली की पॅनलचे तेच लोक सांगतात, 'वहिनी, तुमची टर्म छान झाली, आता दादांना उभं राहू द्या.' आणि पाच वर्षं रस्त्यांसाठी, पाण्यासाठी पायपीट केलेली बाई हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर 'माजी सरपंच' म्हणून उरते.

खुल्या जागेवर बाईला लढता येत नाही असा समज गावोगावी आहे. साफ चुकीचा. खुली म्हणजे पुरुषांची नव्हे, सगळ्यांची. पण तिथे पॅनल तुम्हाला सहजासहजी घेणार नाही, म्हणून तोवर स्वतःची माणसं जोडलेली हवीत. ती बहुतेक वेळा बचत गटातून येतात. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून आणि अलीकडे उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांनी गटांचं जाळं गावागावांत विणलंय. दर आठवड्याला वीस बायका एकत्र बसतात, हिशोब लिहितात, कर्ज कुणाला द्यायचं यावर भांडतात; याहून चांगली राजकारणाची शाळा मला माहीत नाही. याउलट २०२२ नंतर कित्येक जिल्हा परिषदा आणि महापालिका तीन-तीन वर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा चक्र हललं. त्या काळात ऐन उमेदीच्या वयातल्या अनेकींची वर्षं वाया गेली. ज्यांच्यामागे गट होते त्या मधल्या काळातही लोकांच्या दारात दिसत राहिल्या.

सरपंच झालेली बाई आमदार का होत नाही?

होते, पण फार क्वचित. २०१९ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांवर २४ महिला निवडून आल्या, २०२४ मध्ये २१. खाली निम्म्या आणि वर दहातली एकही नाही. त्यातही आडनावं पाहिली तर माहेर किंवा सासर आधीपासून राजकारणात असलेल्याच जास्त. आजवर महाराष्ट्राला महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

ग्रामपंचायत ते विधानसभा यांच्यामध्ये जिल्हा परिषदेचा गट (म्हणजे तिथला मतदारसंघ) आहे, आणि खरी गाळण तिथे होते. गावात पॅनल असतं, गटात पक्ष येतो: एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाला द्यायचा हे जिल्ह्याच्या ठिकाणी, रात्री अकराला, कुणाच्या तरी फार्महाऊसवर ठरतं. तिथे बाई नसते. विधान परिषदेच्या २२ जागा स्थानिक संस्थांकडून भरल्या जातात, पण तिथेही मत नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांना. ग्रामपंचायत सदस्यांना नाही.

२०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना द्यायचं ठरलं आहे, मात्र जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर. तेव्हा उमेदवार कुठून आणायच्या हा प्रश्न पक्षांना पडेल. त्या वेळी आठवण यावी अशी कामं आज करून ठेवणं एवढं आपल्या हातात आहे.

ग्रामसभेत बोलायला उभी राहिले की आवाज कापतो. उपाय?

भाषण करूच नका, वाचा. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत फक्त रजिस्टरवर होते. तुम्ही ती खरोखर घ्या, दहा बायका आल्या तरी चालेल. तिथे झालेले ठराव कागदावर उतरवा आणि ग्रामसभेत उभं राहून तेवढेच वाचून दाखवा.

परवा एका गावात सरपंचबाईंनी हेच केलं. मंदिरासमोर मांडव, पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे पायऱ्यांवर पदर सावरून बसलेल्या बायका. कागद थरथरत होता. दुसऱ्या ठरावाला मागून कुणीतरी ओरडलं, 'मोठ्यानं!' त्या थांबल्या, चष्मा सारखा केला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागल्या.